करार संपला, तरी घर त्याचंच?

द्राक्षबाग: आम्ही नाशिकला, फ्लॅट पुण्यात. लिव्ह अँड लायसन्स (भाडेकरूचा हक्क न देता ठराविक मुदतीसाठी राहायची परवानगी) 11 महिन्यांचं, रीतसर रजिस्टर केलेलं. मुदत संपून पाच महिने झाले, गृहस्थ ढिम्म. चौकीत म्हणतात, ‘दिवाणी मॅटर आहे.’ माझं मत स्पष्ट आहे: रजिस्टर कराराची तारीख उलटली की पोलिसांनीच घर रिकामं करून द्यावं.

चाळकरी: अजिबात नको. ‘मालकाने तोंडी मुदत वाढवली’ असं भाडेकरू म्हणाला तर खरं-खोटं हवालदार ठरवणार? आमच्याकडे एका बाईंचं सामान मालकाच्या माणसांनी जिन्यात फेकलं होतं. त्यांच्या हातात चालू महिन्याची पावती होती!

जुनाजाणता: मालकांची भीतीही उगाच नाही. 1 फेब्रुवारी 1973 ला लायसन्सवर राहणारे कायदा बदलून भाडेकरू झाले. त्यात जागा अडकलेली घरं मी पाहिलीत. 12 वर्षं राहू दिलं तर घरच जायचं!

कागदीघोडा: काका, 12 वर्षांचा नियम मालकाला न जुमानता ठेवलेल्या ताब्याचा. परवानगीने राहणाऱ्याला तो लागू नाही. गोव्यात बहिणीच्या घरात राहणाऱ्या भावाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने 2012 मध्ये सांगितलंय, सांभाळायला ठेवलेल्याला कितीही वर्षांनी हक्क मिळत नाही.

द्राक्षबाग, 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 24 बघा. अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत त्याने बाजू मांडायची परवानगी मागितली नाही तर निकाल तुमचा. शिवाय मुदतीनंतर दुप्पट भाड्याने भरपाई. स्वतः कुलूप तोडू नका. सहा महिन्यांत तो ताब्यासाठी दावा लावेल आणि त्यात मालकी कुणाची हे बघतच नाहीत. हात दाखवून अवलक्षण!

द्राक्षबाग: दुप्पट भाडं कागदावर, कर्जाचा हप्ता माझ्या खात्यातून. आणि अर्ज दुसऱ्याच महिन्यात केलाय हो. समन्स घ्यायला तो दारच उघडत नाही.

चाळकरी: हे मात्र चूक. इथे मी तुमच्या बाजूने.

कागदीघोडा: रजिस्टर्ड पोस्टाचं पाकीट ‘घेण्यास नकार’ शेऱ्यासह परत आलं तर समन्स बजावल्याचं धरून पुढे जाता येतं. शेरा काय आहे?

द्राक्षबाग: ‘दार बंद’.