कारागृहात मुलाखतीला जाताना कोणतं ओळखपत्र चालतं?

आडवाट: भाऊ न्यायालयीन कोठडीत आहे, तुरुंग महाराष्ट्रातलाच. भेटायला आई, वहिनी आणि ४ वर्षांचा पुतण्या जाणार. वहिनीच्या आधारवर अजून माहेरचं नाव आहे. डिजिलॉकर दाखवलं तर चालेल ना? ई-मुलाकात नोंदवली की कागद लागत नाहीत, असंही कुणी सांगितलं.

पिंपळपान: चुकीचं सांगितलंय. ई-मुलाकात म्हणजे वेळ मागण्याचा अर्ज, ओळख पटते ती गेटवरच. राष्ट्रीय कारागृह माहिती पोर्टलवरच्या फॉर्ममध्ये ओळखपत्राचा प्रकार आणि क्रमांक टाकावा लागतो. तिथे जे टाकाल तेच कार्ड न्या. फॉर्मवर पॅन आणि हातात आधार, की खिडकीवर अडलंच. सोबतच्यांची नावंही त्याच फॉर्ममध्ये जोडा.

डिजिलॉकरमधला कागद कायद्याने मुळाइतकाच ग्राह्य, पण मोबाइल आत नेऊ देत नाहीत. तो बाहेर जमा केल्यावर दाखवणार काय? मूळ कार्ड आणि प्रत्येकाची एक झेरॉक्स ठेवा. झेरॉक्सवर 'फक्त मुलाखतीसाठी' लिहून तारीख टाका. शेवटचे ४ आकडेच दिसणारं आधार असेल तर फॉर्ममधला क्रमांक ताडून बघता येत नाही, ते नको.

सगळ्यात जास्त घोळ कैद्याच्या नावात होतो. तुरुंगात नाव चढतं ते कोर्टाच्या वॉरंटवरून, घरच्या हाकेवरून नाही. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर केस उघडा आणि तिथलं स्पेलिंग फॉर्ममध्ये जसंच्या तसं उतरवा.

काळा कोट: वहिनींचं माहेरचं नाव ही ओळखीची अडचण नाही, नात्याची आहे. विवाह नोंदणीचा दाखला सोबत द्या. मुलासाठी जन्मदाखला न्या, त्यावर आईबाप दोघांची नावं असतात.

आणखी एक. आत दाखल झाल्यावर कैद्याने भेटायला येणाऱ्यांची यादी द्यायची असते, २०१६च्या आदर्श कारागृह नियमावलीत तसं आहे. भावाने बायकोचं नाव लग्नानंतरचं लिहिलं असेल तर ते कार्डाशी जुळायचं नाही. हे बाहेरून दुरुस्त होत नाही. वकिलाकरवी निरोप पाठवून यादीत आधारवरचं नाव घालून घ्या.

आडवाट: आधारच पाहिजे म्हणाले तर?

काळा कोट: मुलाखतीला येणाऱ्यांच्या आधार पडताळणीला केंद्रीय गृह मंत्रालयाने २०२३ मध्ये परवानगी दिली, पण ती ऐच्छिक आहे. मतदार ओळखपत्र पुढे करा, अर्थात फॉर्मवर तेच टाकलेलं हवं. नाहीतर बोलून उपयोग नाही.

पिंपळपान: नाव-पत्ता विचारणं हा तर १८९४च्या कारागृह कायद्यापासूनचा अधिकार, कलम ४१. संशय आला तर झडतीही, पण दुसऱ्या मुलाखतवाल्यांसमोर नाही. घर बदललं असेल तर सध्याचा पत्ता सांगा आणि वीजबिल जवळ ठेवा.