कमी बजेटमध्ये कॅमेरा आणि लेन्स: घेण्याआधी काय बघता? (अनुभव धागा)

कॅमेरा कुठला घेऊ, या प्रश्नावर मॉडेलचं नाव फेकणं सोपं असतं. दोन वर्षांत ते मॉडेल बाजारातून जातं आणि प्रश्न तिथेच उभा. म्हणून इथे नावांची यादी नको. उदाहरणापुरतं एखादं आलं तर चालेल. मोजक्या पैशांत, विशेषतः सेकंडहँड घेताना, तुम्ही नेमकं काय तपासता, कुठल्या सेटिंगवर आणि कुठे फसायला होतं, ते लिहा. "माझा पहिला कॅमेरा" छापाच्या आठवणी दुसऱ्या धाग्यावर रंगवू.

सुरुवात मी करतो. सगळे पैसे बॉडीत (लेन्स सोडून उरलेला कॅमेरा) घालायचे आणि मग वर्षानुवर्षं किट लेन्सवर (कॅमेऱ्यासोबत मिळणारी साधी झूम लेन्स) भागवायचं, ही सर्वांत महाग काटकसर. १८-५५ मिमीची किट लेन्स ५५ वर एफ/५.६ पर्यंतच उघडते (एफचा आकडा लहान, तितकं लेन्सचं छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, मोठं). ५० मिमी एफ/१.८ तिच्या जवळपास दहापट उजेड आत घेते. म्हणजे संध्याकाळी घरातल्या दिव्यात किट लेन्सला आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडासाठीची संवेदनशीलता) ६४०० लागत असेल तर तोच शटर स्पीड ठेवून इथे ६४० च्या आसपास काम होतं. तीन स्टॉपहून (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) जास्त फरक आहे हा. बॉडी एका पिढीने नवी घेऊन तो भरून निघत नाही.

मेगापिक्सेलचंही तसंच. ८×१२ इंची प्रिंट ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) काढायला ८.६ मेगापिक्सेल पुरतात, ए३ ला साडेसतरा. दहा वर्षांपूर्वीची २४ मेगापिक्सेलची बॉडी त्याच्या पुढेच आहे.

* * *

"प्राइम घ्या, ५० घ्या" हा, म्हणजे झूम न होणारी लेन्स घ्यायचा, सल्ला क्रॉप सेन्सरवाल्यांना (फिल्मच्या चौकटीएवढ्या फुल फ्रेमपेक्षा लहान, उजेड टिपणारी चिप) डोळे झाकून देऊ नये. १.५ क्रॉपवर ५० मिमी म्हणजे ७५ सारखी दिसते, कॅननच्या १.६ वर ८० सारखी. चौकटीत आडवं किती मावतं त्याचा हिशोब साधा आहे: सेन्सरची रुंदी भागिले फोकल लेंग्थ (लेन्सचा मिमीतला आकडा) गुणिले अंतर. २३.५ मिमीचा सेन्सर, ५० ची लेन्स, तीन मीटर अंतर: चौकटीत आडवं १.४ मीटर मावतं. दोन माणसं खांद्याला खांदा लावून बसली की संपलं. ३५ मिमीवर तेच दोन मीटर होतं. खोलीत मागे भिंत असते, सरकणार कुठे?

स्वतःची गरज ओळखायला आधी काढलेले फोटो बघा. प्रत्येक फाइलच्या माहितीत फोकल लेंग्थ नोंदलेली असते. आवडलेले शंभर फोटो निवडा आणि त्या आकड्यांवर नजर टाका. बहुतेक १८ ते २४ मध्ये असतील तर ५० ची लेन्स कपाटात पडून राहणार. फोटोच नसतील तर किट लेन्सची झूम रिंग ३५ वर चिकटपट्टीने बांधा आणि आठवडाभर तशीच वापरा. फुकट चाचणी.

* * *

माउंट (बॉडीवर लेन्स अडकवायची कडी) जुळलं म्हणजे लेन्स चालेलच असं नाही. हे सापळे लक्षात ठेवा:

निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० मालिकेतल्या बॉडींमध्ये फोकसची मोटर नसते. स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या एएफ आणि एएफ-डी लेन्स त्यांच्यावर फक्त हाताने फोकस होतात. एएफ-एस (लेन्समध्येच मोटर असलेली) घ्या, किंवा मोटर असलेली डी ७००० मालिकेतली बॉडी बघा. उलटा सापळा नव्या एएफ-पी लेन्सचा. डी ३१००, डी ५१०० यांसारख्या जुन्या बॉडींवर तिचा फोकसच चालत नाही, हातानेसुद्धा नाही, कारण तिची फोकस रिंग इलेक्ट्रॉनिक आहे.

कॅननची ईएफ-एस (क्रॉप सेन्सरसाठीची) लेन्स फुल फ्रेम डीएसएलआरवर (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यावर) बसत नाही. उद्या फुल फ्रेमवर जायचा विचार असेल तर आज ईएफ घ्या. नसेल तर "पुढेमागे लागेल" म्हणून जड आणि महाग काच उचलू नका. पुढेमागे बहुतेक वेळा येतच नाही.

"नवं मॉडेल" म्हणजे सगळं जास्त, असंही नाही. निकॉन डी ३४०० मध्ये आधीच्या डी ३३०० मधली माइकची खाच आणि सेन्सरची आपोआप सफाई, दोन्ही काढून टाकल्या होत्या. कॅनन २०० डी मार्क २ च्या हॉट शूमध्ये (वर फ्लॅश बसवायच्या जागेत) मधला संपर्कबिंदू नाही, त्यामुळे साधे मॅन्युअल फ्लॅश आणि एका पिनवर चालणारे ट्रिगर तिच्यावर पेटत नाहीत. कॅनन ४००० डी चं माउंट प्लास्टिकचं आहे. बॉक्सवर यातलं काही ठळक लिहिलेलं नसतं.

* * *

सेकंडहँड बॉडी. पंधरा-वीस मिनिटं लागतात, विकणारा घाई करत असेल तर तिथेच थांबा. स्वतःचं कार्ड आणि शक्यतो स्वतःची लेन्स न्या.

पहिलं म्हणजे धूळ. अ‍ॅपर्चर एफ/१६ किंवा २२, आयएसओ १००, फोकस मुद्दाम बिघडवून ठेवा, पांढऱ्या भिंतीवर रोखा. शटर एक-दोन सेकंद ठेवून त्या वेळात कॅमेरा हलवत राहा. भिंतीवरचे डाग पुसट होऊन जातात, सेन्सरवरचे जागच्या जागी राहतात. एफ/४ वर ही चाचणी केलीत तर सेन्सर स्वच्छच दिसेल, म्हणून विकणाऱ्याने आधीच काढून ठेवलेल्या "बघा, स्वच्छ आहे" फोटोवर जाऊ नका. चार-पाच ठिपके असणं हा दोष नव्हे, ब्लोअरने जातात. ब्लोअर मारताना लक्षात घ्या की फोटोत वर दिसणारा ठिपका सेन्सरवर खालच्या बाजूला असतो. ठिपका लांबट, कडा स्पष्ट आणि फुंकरीने तसूभर न हलणारा असेल तर ओरखडा समजा.

मग झाकण लावून ३० सेकंदांचा एक फोटो, लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (असे ठिपके आपोआप पुसणारी मेनूतली सोय) बंद ठेवून. मोजके रंगीत ठिपके चालतात. एका सेकंदाच्या फोटोतही बरेच दिसले तर विचार करा.

शटर तपासायला १/४००० वर पांढरी भिंत, आठ-दहा फोटो. एका कडेला काळपट पट्टा किंवा फोटोगणिक उजेड कमी-जास्त आला तर पडदा थकलाय. हे मात्र दिवसाच्या उजेडात करा. एलईडी दिव्याखाली पट्टे दिव्यामुळे येतात आणि चांगली बॉडी विनाकारण नाकारली जाते.

शटर काउंट (शटर आजवर किती वेळा उडालं तो आकडा): निकॉनच्या मूळ फाइलमध्ये तो असतो, एक्झिफटूल या सॉफ्टवेअरने दिसतो. आधी मागवणार असाल तर फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. फोटो म्हणून पाठवली की ही सगळी माहिती गळून जाते. कॅननच्या बहुतेक बॉडींचा काउंट फाइलमध्ये नसतो, केबल जोडून वेगळ्या सॉफ्टवेअरने वाचावा लागतो. सुरुवातीच्या वर्गातल्या बॉडीचं शटर साधारण एक लाखाचं मानतात, मधल्या वर्गात दीड-दोन लाख. हा आकडा म्हणजे औषधाच्या बाटलीवरची तारीख नव्हे. ऐंशी हजारांची नीट ठेवलेली बॉडी ही कमी काउंटच्या पण दमट कपाटात पाच वर्षं पडलेल्या बॉडीपेक्षा बरी.

शेवटी डायल आणि बटणं एक-एक करून, हॉट शूवर फ्लॅश लावून, कार्डाचं दार उघडून-मिटून. बॅटरी बाहेर काढायला नख लावावं लागत असेल तर ती फुगली आहे.

* * *

वरच्या, सेकंडहँड बॉडीच्या प्रतिसादात फोकसचं राहिलं. डीएसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडरमधून फोकस करणारी यंत्रणा वेगळी असते, सेन्सर वेगळा. दोघांचं जुळत नसेल तर फोकस मागे किंवा पुढे पडतो. ट्रायपॉडवर कॅमेरा, समोर ४५ अंशांत तिरकी पट्टी, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, मधला पॉइंट. एक फोटो व्ह्यूफाइंडरने, एक लाइव्ह व्ह्यूने (मागच्या स्क्रीनवर बघून), दर वेळी आधी फोकस बिघडवून. असे पाच-पाच काढा. लाइव्ह व्ह्यूचे धारदार आणि व्ह्यूफाइंडरचे सगळे एकाच बाजूला सरकलेले, तर जुळणी बिघडली आहे. डी ७००० मालिकेसारख्या बॉडीत ती मेनूतून दुरुस्त होते, डी ३००० आणि डी ५००० मालिकांत तशी सोयच नाही, सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं. मिररलेसमध्ये (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात) फोकस सेन्सरवरच होतो, त्यामुळे ही भानगड सहसा नसते.

* * *

आता लेन्स. मोबाइलचा टॉर्च हाच सर्वांत मोठा जाणकार. दोन्ही झाकणं काढा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवा, टॉर्च एका टोकाकडून तिरका मारा, दुसऱ्या टोकाकडून बघा, मग उलटं करा. काय दिसतं त्यावर ठरतं:

सुटे कण: दुर्लक्ष करा. टॉर्चमध्ये कुठलीही वापरलेली लेन्स धुळीने भरलेली दिसते, फोटोत त्यातलं काही येत नाही.

कोळ्याच्या जाळ्यासारखे किंवा मुळांसारखे फुटलेले बारीक तंतू: बुरशी. कडेला एखादा तंतू असेल तर फोटोवर फरक पडत नाही, पण ती वाढते आणि काचेवरचा लेप खाते. साफ केली तरी लेपावर खुणा राहतात. "सर्व्हिसला दिली की जाते" हे अर्धंच खरं.

सगळ्या काचेवर सारखं धुकं: हे सर्वांत फसवं, कारण साध्या उजेडात दिसत नाही. खिडकीकडे रोखून फोटो काढा. काळे भाग राखाडी होतात.

ओरखडे: पुढच्या काचेवरचा बारीक ओरखडा चालतो. मागच्या काचेवरचा नको, तो चित्रावर उमटतो.

अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेलाची चमक: पाती चिकटून उशिरा मिटतात. एफ/१६ वर सलग दहा फोटो काढा. एकेक फोटो जास्त उजळ येत गेला तर तेच कारण.

झूम लेन्समध्ये आत एक चपटी केबल असते, ती प्रत्येक झूमला वाकते आणि अखेर तडकते. तेव्हा लक्षण असं की अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं असताना सगळं सुरळीत, एफ/८ केलं की एरर, तोही एखाद्याच फोकल लेंग्थला. दुकानात बहुतेक जण पूर्ण उघड्यावर दोन फोटो काढून खूश होतात. एफ/८ वर ठेवा आणि झूमच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत पाच-सहा ठिकाणी फोटो काढा. आधी संपर्कबिंदू आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसून घ्या, कधीकधी एरर निव्वळ मळाची असते.

* * *

लेन्सच्या तपासणीत भर: वर्तमानपत्राचं पान सपाट भिंतीवर लावा, कॅमेरा अगदी समांतर, ट्रायपॉडवर. चारही कोपरे मोठे करून बघा. सगळे थोडे मऊ असतील तर ती लेन्सची जात. एकच कोपरा किंवा एकच बाजू मऊ, तर आतली काच सरकली आहे. खात्रीसाठी कॅमेरा उलटा धरून तोच फोटो घ्या. फाइलमध्ये मऊ कोपरा त्याच जागी राहिला तर दोष लेन्सचा. विरुद्ध बाजूला गेला तर तुमचा कॅमेरा भिंतीला समांतर नव्हता.

* * *

जुन्या मॅन्युअल लेन्स हा कमी पैशांतला सर्वांत मजेचा मार्ग, पण अडॅप्टरचं (दुसऱ्या माउंटची लेन्स बसवायच्या कड्याचं) गणित आधी समजून घ्या. माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर ठरलेलं असतं: एम ४२ ला (जुन्या आट्यांच्या लेन्सचं माउंट) ४५.४६ मिमी, निकॉन एफ ४६.५, कॅनन ईएफ ४४, सोनी ई १८. लेन्सचं अंतर बॉडीपेक्षा जास्त असेल तरच मधे अडॅप्टरला जागा उरते. म्हणून एम ४२ कॅननवर पातळ कड्याने बसते. निकॉन डीएसएलआरवर बसली तरी दूरचा डोंगर धूसरच राहतो. तिथे काच असलेला अडॅप्टर लागतो आणि त्या स्वस्त काचेने लेन्सची सगळी मजा जाते. मिररलेसवर जवळपास काहीही चालतं. सोनीवर मेनूत "लेन्सविना शटर" सुरू करा, नाहीतर बटण दाबूनही काही होत नाही. फोकस पीकिंगही (फोकसमधल्या कडा रंगाने दाखवणारी सोय) लावून घ्या. बॉडीत स्टॅबिलायझेशन असेल तर फोकल लेंग्थ हाताने भरायची; विसरलात तर हलणं कमी व्हायच्या ऐवजी वाढू शकतं.

निकॉन डी ३०००/५००० वाल्यांनो, चिप नसलेली लेन्स लावली तर तुमचं मीटरिंगही (कॅमेऱ्याने उजेड मोजणं) बंद असतं. एक्स्पोजर अंदाजाने.

* * *

मॅक्रो लेन्स (बारीक वस्तू जवळून मोठ्या टिपणारी) परवडत नसेल तर एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे लेन्स आणि बॉडीच्या मधली पोकळ नळी. लांबी भागिले फोकल लेंग्थ एवढं मोठेपण वाढतं. ५० च्या लेन्समागे ३६ आणि १२ मिमीच्या ट्यूब लावल्या की जवळजवळ १:१, म्हणजे सेन्सरवर वस्तू तिच्या खऱ्या आकाराएवढी. संपर्कबिंदू असलेल्याच घ्या. बिनसंपर्काच्या स्वस्त ट्यूबवर इलेक्ट्रॉनिक लेन्सचं अ‍ॅपर्चर हलत नाही, मग एफ/१.८ वर मुंगीचा एक डोळा फोकसमध्ये आणि बाकी मुंगी धुक्यात. वाइड लेन्सवर जास्त लांब ट्यूब नको, फोकसची जागा काचेला टेकते.

* * *

बजेटमध्ये न धरलेले खर्च: मिररलेस घेत असाल तर जादा बॅटऱ्या. निकॉन डी ३४०० एका चार्जवर अधिकृत चाचणीनुसार १२०० फोटो देतो, सोनी ए ६००० स्क्रीन वापरून ३६०. दोन जादा धराच. कार्डावर व्ही ३० बघा, म्हणजे लिहिण्याचा सलग वेग सेकंदाला किमान ३० एमबी. नवं कार्ड एकदा पूर्ण भरून तपासा, एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ ही सॉफ्टवेअर हे काम करतात. बनावट कार्ड ६४ जीबी दाखवतं, पण खरी जागा संपली की पुढच्या फाइली वाया जातात आणि कॅमेरा काहीच कुरकुर करत नाही.

* * *

आणि घेतल्यावर ठेवायचं कुठे? कॅमेऱ्याच्या बॅगेत नाही, तिचं अस्तर ओल धरून ठेवतं. घट्ट झाकणाचा प्लास्टिक डबा, छोटा आर्द्रतामापक आणि सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे). काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. ३० च्या खाली नको, रबर आणि वंगण सुकतं. नारिंगी दाणे हिरवे झाले किंवा निळे गुलाबी झाले की १२० अंशांवर दोन तास तापवा, पूर्ण गार करून मगच डब्यात. बुरशी लागलेली लेन्स त्या डब्यात इतरांबरोबर ठेवू नका.