मदत हवी आहे: लिनक्स मिंटवर रेमिंग्टनने मराठी टायपिंग आणि जुन्या फाइली

नमस्कार मंडळी,

तालुक्याच्या कोर्टासमोर आमचं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, वारसाचे अर्ज असं सगळं मराठी टायपिंग मी स्वतः करते. दुकानातला पीसी सहाव्या पिढीच्या आय३ चा, ८ जीबी रॅमचा, मशीन अजून ठणठणीत आहे पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, म्हणजे हा पीसी त्यात बसतच नाही. लोकांची आधारकार्डं, बँकेची पासबुकं, सातबारे दिवसभर या मशीनवरून जातात, ते अपडेट बंद झालेल्या विंडोजवर चालू ठेवणं मला पटेना म्हणून भाच्याकडून विंडोजच्या जागी लिनक्स मिंट २२ ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टम टाकून घेतली, सिनॅमन डेस्कटॉपवाली.

मिंट तसं आवडलं. मेनू खाली डाव्या कोपऱ्यातच आहे, फाइली कुठे असतात ते लगेच कळलं, प्रिंटरही लागला. अडलंय ते मराठीवर आणि माझं तर कामच मराठीचं.

सगळ्यात मोठी अडचण कीबोर्डची. मी टायपिंग शिकले ती टाइपरायटरवर, मराठी ४० ची (मिनिटाला ४० शब्दांची) परीक्षा दिलेली आहे, त्यामुळे हात पक्का रेमिंग्टनचा, म्हणजे टाइपरायटरच्याच अक्षरमांडणीचा. त्यात पहिली वेलांटी आधी मारायची आणि मग अक्षर, आणि रफार अक्षर झाल्यावर. मिंटच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठी घेतलं तर इनस्क्रिप्ट (सरकारी प्रमाण कीबोर्ड) आला, तिथे बरोबर उलटं, अक्षर आधी वेलांटी नंतर, आणि "अर्जदार" मधला रफार काढायचा तर आधी र मग हलन्त मग ज. बोटं थांबतात हो. समोर पक्षकार उभे, वकीलसाहेब ताई झालं का विचारतायत, तिथे एकेक अक्षर शोधत बसता येत नाही. फोनेटिक सुचवू नका प्लीज, मनात मराठी वाक्य चालू असताना बोटांनी इंग्रजी स्पेलिंग करायचं हे मला नको आहे.

मग जुन्या फाइली. कितीतरी वर्षांचे मसुदे आयएसएम या जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरच्या सुरेख आणि योगेश फॉन्टमधले आहेत, मिंटमधल्या लिब्रेऑफिसमध्ये (वर्डसारखं सॉफ्टवेअर) उघडले की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. हे मसुदे गेले तर सगळं पुन्हा लिहून काढावं लागेल.

आणि ज्या फाइली युनिकोडमध्ये (फॉन्ट बदलला तरी अक्षर मराठीच राहतं ती पद्धत) आहेत त्या मंगल फॉन्टमधल्या, त्या वाचता येतात पण ओळी हलतात. भाडेकराराचं पहिलं पान स्टॅम्प पेपरवर घेतो, वर छापील भाग सोडून मजकूर बसवलेला असतो, तो चार ओळी खाली गेला की शेवटी सह्यांचा मजकूर एकटाच वेगळ्या पानावर जातो आणि असा करार कोणी घेत नाही. शिवाय ल आणि श हिंदी वळणाचे येतात, तेही खटकतं.

कोणी लिनक्सवर रेमिंग्टनने रोजचं काम करतं का? परत विंडोजवर जायचं नाहीये आणि नवीन पीसी सध्या शक्य नाही.

प्रतिसाद १

ताई, रेमिंग्टन मिळेल. कीबोर्ड सेटिंगमध्ये नाही, त्यासाठी आयबस हे वेगवेगळ्या भाषांचे कीबोर्ड लावून देणारं सॉफ्टवेअर लागतं. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून आयबस-एम१७एन नावाचं पॅकेज घ्या, मग लँग्वेजेसच्या शेजारी इनपुट मेथड आहे तिथे आयबस निवडा, लॉगआउट करून परत या. आयबसच्या प्रेफरन्सेसमध्ये मराठी उघडलंत की इनस्क्रिप्ट, फोनेटिक यांच्याबरोबर रेमिंग्टन आणि टाइपरायटर असे दोन्ही दिसतील, दोन्ही घेऊन बघा कारण काही चिन्हांच्या जागा वेगळ्या आहेत. भाषा बदलायला विंडोजचं बटण आणि स्पेस. तपासायला "किती", "अर्जदार", "दुसऱ्या" हे तीन शब्द लिहा, वेलांटी, रफार आणि ऱ्या तिन्ही कळतील. इनस्क्रिप्टवर कधी बसावं लागलं तर शिफ्ट धरून जे, मग डी, मग स्लॅश, म्हणजे ऱ्य.

जुन्या फाइलींचा मजकूर शाबूत आहे, काळजी करू नका. त्या फॉन्टमध्ये प्रत्येक मराठी तुकडा इंग्रजी अक्षराच्या नंबरवर बसवलेला असतो, फॉन्ट नाही म्हणून खालचं इंग्रजी दिसतंय. तुमच्या परवान्यातल्या फॉन्टच्या टीटीएफ फाइली मिंटमध्ये उघडून इन्स्टॉल करा, बहुतेक मसुदे दिसायला लागतील. पण तिथे थांबू नका, जे मसुदे रोज लागतात ते कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा आणि नावं, गट नंबर, रकमा डोळ्यांनी तपासा, जोडाक्षरं तिथेच चुकतात. मूळ फाइलींची कॉपी पेनड्राइव्हवर वेगळी ठेवा.

मंगल मायक्रोसॉफ्टचा आहे, मिंटबरोबर येत नाही, त्याच्या जागी दुसरा फॉन्ट लागतो आणि त्याची उंची वेगळी म्हणून ओळी हलतात. कायमचा उपाय म्हणजे मसुदे मुक्त फॉन्टमध्ये बसवणं, उदाहरणार्थ मुक्ता, तो विंडोजवरही फुकट टाकता येतो त्यामुळे वकिलांकडेही तोच ठेवा. किंवा फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये फॉन्टच्या टॅबवर फॉन्ट एम्बेड करण्याचा (फाइलीतच भरून ठेवण्याचा) पर्याय आहे तो टिक करा. सही करायला जाणारी प्रत मात्र पीडीएफच द्या.

ल आणि श साठी सगळा मजकूर सिलेक्ट करून भाषा मराठी करा. लिब्रेऑफिसमध्ये देवनागरीची भाषा आणि फॉन्ट कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट या भागात वेगळे असतात, तिथे हिंदी राहिलं असेल. ज्या फॉन्टात मराठी वळण दिलेलं असतं त्यात अक्षर लगेच बदलतं.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. एकच भर, टूल्स, ऑप्शन्स, लोड-सेव्ह मध्ये जाऊन कायम वर्ड फॉरमॅटमध्ये सेव्ह होईल असं करून ठेवा, नाहीतर लिब्रेऑफिसची स्वतःची ओडीटी फाइल मेल केली की समोरचा उघडत नाही म्हणून फोन करतो. मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट आहेत, तेवढ्यात इनस्क्रिप्ट रोज थोडा थोडा शिका असं मनापासून सांगेन. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला आणि विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे आधीपासून असतो.

धागाकर्ती

दोघांचेही खूप आभार. रेमिंग्टन लागला!! "किती" आणि "अर्जदार" बरोबर आले, हात आपोआप चालला, फार बरं वाटलं. सुरेख टाकल्यावर मसुदेही दिसतायत, योगेशचे उद्या बघते. आता एकच विचारायचं आहे, रेमिंग्टनवर "दुसऱ्या" मधला ऱ्या कोणत्या बटणांनी येतो? माझ्याकडे "दुसर्या" असाच येतोय आणि असा कागद मी कोर्टात पाठवणार नाही.