'जॉन अ‍ॅडम्स'चा सहावा भाग: अश्रू काढले, पण हिशेब चुकवला?

आडवाटेचा
एचबीओची २००८ ची सात भागांची 'जॉन अ‍ॅडम्स' गेल्या आठवड्यात पुन्हा बघायला घेतली. सहावा भाग, 'अननेसेसरी वॉर', म्हणजे अमेरिकेचा दुसरा अध्यक्ष म्हणून त्याची चार वर्षं, १७९७ ते १८०१. पॉल जियामाटी ग्रेटच आहे, तिथं भांडण नाही. भांडण लेखकाशी आहे.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: फ्रेंच जहाजं अमेरिकन व्यापारी गलबतं पकडतायत, त्यात फ्रेंच परराष्ट्रमंत्री तालेराँच्या माणसांनी अमेरिकन वकिलांकडं, म्हणजे राजदूतांकडं, लाच मागितलेली, त्यामुळं देश भडकलेला. अ‍ॅडम्सच्याच पक्षाला युद्ध हवंय आणि पक्षातला वजनदार पुढारी हॅमिल्टन याला फौज. अ‍ॅडम्स एकटाच 'नाही' म्हणतो. घरात मधला मुलगा चार्ल्स दारूत बुडालाय. शेवटी अ‍ॅडम्स निवडणूक हरतो आणि अर्धवट बांधलेल्या व्हाइट हाउसमधून निघून साध्या भाड्याच्या घोडागाडीत चार उतारूंबरोबर बसतो.

डोळ्यात पाणी येतंच. माझ्याही आलं. मग वाटलं, अरे, याच माणसानं जुलै १७९८ मध्ये राजद्रोहाच्या कायद्यावर सही केली ना? भागात सही आहे, बायको अ‍ॅबिगेलचा आग्रह आहे, विरोधक जेफरसनची नाराजी आहे. पण त्या कायद्याखाली आत गेलेला माणूस भाग संपल्यावर आठवत नाही. सही करताना अध्यक्षांना किती जड गेलं, तेवढं आठवतं.

आत गेलेल्यांत मॅथ्यू लायन होता, व्हरमाँटचा काँग्रेस (अमेरिकन संसद) सदस्य. अ‍ॅडम्सला डामडौलाची हाव आहे असं छापलं म्हणून चार महिने कैद, हजार डॉलर दंड. पठ्ठ्या तुरुंगातून निवडणूक लढला आणि जिंकला! यावर अख्खा भाग निघाला असता. आणि नेवार्कचा तो ल्यूथर बाल्डविन. अ‍ॅडम्स गावातून जाताना तोफांची सलामी चाललेली, हा प्यायलेला. म्हणाला, गोळा त्याच्या ढुंगणात लागला तरी आपली हरकत नाही. झाला दंड. हे लोक पडद्यावर आले असते तर गाडीत बसलेल्या म्हाताऱ्यासाठी इतकं रडू आलं असतं का?

झोपाळू
आडवाटे, मालिका अ‍ॅडम्सची आहे, लायनची नाही. बाजीरावावरच्या नाटकात निजामाच्या कारकुनाचं दुःख शोधणार का?

मुद्द्याचं बोलू. १७९८ मध्ये युद्ध पुकारलं असतं तर हा माणूस दुसऱ्यांदा आरामात निवडून आला असता. लोक त्याच्या नावाचा जयघोष करत होते. त्यानं आरमार उभारलं, समुद्रावर फ्रेंचांना चोख उत्तर दिलं आणि १७९९ मध्ये मंत्रिमंडळाला न विचारता पुन्हा वकील पाठवायचं ठरवलं. ३० सप्टेंबर १८०० ला तह झाला. बातमी अटलांटिक ओलांडून पोचेपर्यंत निवडणूक हातची गेलेली. भाग हेच सांगतो आणि बरोबर सांगतो.

चिंचोका
"शांतता केली म्हणून हरला" हे ऐकायला छान आहे. निर्वाचकांच्या मतांचे आकडे बघा: जेफरसन ७३, त्याचाच जोडीदार बर ७३, अ‍ॅडम्स ६५. न्यूयॉर्कची १२ मतं इकडची तिकडं झाली असती तर अ‍ॅडम्स ७७. आणि न्यूयॉर्क गेलं ते १८०० च्या वसंतात, अ‍ॅरन बरनं निर्वाचक निवडणारी तिथली विधानसभा घरोघर फिरून जिंकली म्हणून. त्यात हॅमिल्टननं आपल्याच अध्यक्षाविरुद्ध पत्रक काढलं. शिवाय पाच गुलाम म्हणजे तीन माणसं अशी मोजणी धरून दक्षिणेला जादा मतं मिळत होती ती वेगळीच. पण वॉर्डातल्या पायपिटीवर व्हायोलिन वाजवता येत नाही, राव.

वकीलबाई
झोपाळू, निजामाच्या कारकुनाला बाजीरावानं तुरुंगात टाकलं नव्हतं. उपमा गंडली.

कायद्याबद्दल दोन गोष्टी. एक अ‍ॅडम्सच्या बाजूची: त्या काळच्या इंग्लिश कायद्यात "मी खरं बोललो" हा बचावच नव्हता, या कायद्यानं तो दिला. शिवाय त्याच वेळच्या परकीयांच्या कायद्याखाली अ‍ॅडम्सनं एकालाही हद्दपार केलं नाही. दुसरी त्याच्या विरुद्ध, आणि ही मला फार आवडते: कायद्यानं अध्यक्षांची बदनामी गुन्हा ठरवली, काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांची ठरवली. उपाध्यक्षांची नाही! उपाध्यक्ष कोण? जेफरसन, म्हणजे विरोधी पक्षाचा नेता. त्याला खुशाल शिव्या घाला. आणि मुदत कधीपर्यंत? ३ मार्च १८०१, म्हणजे अ‍ॅडम्सच्या कारकिर्दीचा शेवटचा दिवस. विरोधक निवडून आले तर आपल्यावर उलटायला नको. एवढं बेतून शिवलेलं कापड मी कोर्टातसुद्धा कमी पाहिलंय.

राजद्रोह म्हटलं की आपल्याला १९०८ चा टिळकांचा खटला आणि मंडाले आठवतं. ते परक्या सरकारचं काम होतं. इथं स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा माणूस बावीस वर्षांनी हे करतोय. नाट्य इथं होतं, आणि मालिकेनं ते दोन मिनिटांत गुंडाळलं.

झोपाळू
उपमेबद्दल कान धरतो. पण तो कायदा अ‍ॅडम्सनं मागितला नव्हता. काँग्रेसनं केला, त्यानं सही केली.

आडवाटेचा
"मी फक्त सही केली." हे वाक्य आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीकडून दर महिन्याला ऐकतो.

चार्ल्सबद्दलही बोलतो. मालिकेत बाप मुलाच्या खोलीत जातो, त्याची दशा बघतो आणि नातं तोडतो. प्रत्यक्षात तशी समोरासमोर भेट झालीच नाही. ऑक्टोबर १७९९ मध्ये सुनेच्या तोंडून सगळं ऐकलं आणि अ‍ॅबिगेलला पत्रात लिहिलं की मी त्याला टाकला. म्हणजे प्रेक्षकाला रडवायला प्रसंग रचला. याच मालिकेनं पाचव्या भागात इंग्लंडशी झालेल्या 'जे' तहासाठी उपाध्यक्ष अ‍ॅडम्सकडून निर्णायक मत टाकून घेतलंय. तहाला सिनेटमध्ये दोन तृतीयांश मतं लागतात, तिथं निर्णायक मत येईल कुठून? २० विरुद्ध १० नं मंजूर झाला तो.

क्विन्सीकर
मी इथं मॅसॅच्युसेट्समध्ये बारा वर्षं आहे, अ‍ॅडम्सच्या गावात. आडवाटेचा यांनी चार्ल्सच्या पत्राचा उल्लेख केला, पण ते कुठून लिहिलं ते सोडलं. पत्र ट्रेंटनहून लिहिलंय. फिलाडेल्फियात पिवळा ताप होता म्हणून सरकार तिकडं हललं होतं. आणि त्याच आठवड्यात, त्याच ट्रेंटनमध्ये, हॅमिल्टन येऊन तासन्‌तास डोकं खाऊन गेला, वकील पाठवू नका म्हणून. अ‍ॅडम्सनं ऐकून घेतलं आणि वकिलांना निघायचा हुकूम दिला. मुलगा टाकला आणि तह वाचवला, दोन्ही एका आठवड्यात. भेट खोटी असेल, पण लेखकानं ही दोन दुःखं शेजारी ठेवली ती उगाच नाही.

व्हाइट हाउसच्या बांधकामावरचे अर्धपोटी गुलाम बघून अ‍ॅबिगेल शहारते, तेही बनावट नाही. तिनं नोव्हेंबर १८०० मध्ये पत्रात असंच लिहून ठेवलंय. ईस्ट रूममध्ये ती धुणं वाळत घालायची, कारण खोलीला दुसरा उपयोग नव्हता.

चिंचोका
आणि शपथविधीला न थांबता पहाटे चार वाजता निघून जाणं? भागात ते साधेपणासारखं दिसतं. मला रुसवा वाटतो.

क्विन्सीकर
असेल रुसवा. तीन महिन्यांपूर्वी मुलगा वारलाय, निवडणूक हरलाय. पण हरलेल्या अध्यक्षानं काय करायचं याचा रिवाज तेव्हा होता कुठं? हा पहिलाच. गाडी बाल्टिमोरची होती आणि ती पहाटेच सुटायची.

वकीलबाई
क्विन्सीकर, अ‍ॅडम्सनं म्हातारपणी लिहिलं होतं ना, की माझ्या थडग्यावर एवढंच लिहा: १८०० साली फ्रान्सशी शांततेची जबाबदारी यानं घेतली. ते लिहिलंय का हो तिथं?

क्विन्सीकर
नाही. चर्चच्या तळघरात ग्रॅनाइटच्या चार पेट्या आहेत, तो, अ‍ॅबिगेल, मुलगा जॉन क्विन्सी आणि सून लुईझा. वर चर्चमध्ये मुलानं लिहिलेला संगमरवरी लेख आहे. त्यात १७७६ चा जाहीरनामा आहे, १७८३ चा इंग्लंडशी झालेला तह तारखेसकट आहे. फ्रान्सचा नाही.

आडवाटेचा
राजद्रोहाचा कायदाही नसेल.

क्विन्सीकर
नाही, तोही नाही.