मदत हवी आहे: पाश्चरायझरचा टेम्परेचर लूप हंटिंग (सतत वर-खाली झुलणं) थांबवत नाही

नमस्कार मंडळी, सांगली जिल्ह्यातल्या एका डेअरीत इन्स्ट्रुमेंटेशन बघतो. दुधाचं तापमान पीटी-१०० सेन्सरवर, ते बघून वाफ कमी-जास्त करणारा पीआयडी कंट्रोलर, पुढे पोझिशनर (व्हॉल्व्ह सांगितलेल्या जागी नेणारा) आणि स्टीमचा कंट्रोल व्हॉल्व्ह. सेटपॉइंट ७६, पण तापमान ७३ ते ७९ झुलतंय. कधी ७२ च्या खाली गेलं की एफडीव्ही (फ्लो डायव्हर्जन व्हॉल्व्ह) दूध परत बॅलन्स टँकला पाठवतो आणि प्रॉडक्शनवाल्यांचा फोन आलाच म्हणून समजा. ऑटोट्यून केलं, फरक नाही. गेन (चुकीला किती जोरात उत्तर द्यायचं ते) कमी केला, इंटिग्रल टाइम (साठलेली चूक भरून काढायचा वेळ) वाढवला, तर झोका संथ झाला, पण लहान होत नाही. झिग्लर-निकोल्सच्या पद्धतीने ट्यूनिंग करून बघू का?

प्रतिसाद १: दुधावर तर मुळीच नको. त्यात लूप मुद्दाम झुलवावा लागतो. वर १९४२ सालच्या त्या सूत्रांचा हिशोबच असा, की प्रत्येक झोका आधीच्या पावपट व्हावा. पाश्चरायझरला एवढं हलणंही परवडत नाही.
तुमची लक्षणं मला व्हॉल्व्हची वाटतात. ट्यूनिंग आक्रमक असतं तर गेन कमी केल्यावर झोके विरले असते. दुधाऐवजी पाणी फिरवताना कंट्रोलर मॅन्युअलला टाका. तरीही झुललं तर स्टीम हेडरचं (वाफेच्या मुख्य पाइपचं) प्रेशर बघा. थांबलं तर आउटपुट १-१ टक्क्याने वाढवत स्टेमवर (व्हॉल्व्हच्या दांड्यावर) नजर ठेवा.

धागाकर्ता: मॅन्युअलला एकदम शांत! स्टेम मात्र ३ टक्क्यांपर्यंत ढिम्म, ४ ला टचकन उडी. गेल्या शटडाउनला ग्लँड पॅकिंग (स्टेमभोवतीचं सील) बदललंय, स्टीम गळू नये म्हणून आवळलंयही भरपूर.

प्रतिसाद १: मग सापडलं की! व्हॉल्व्ह अडकलेला असताना इंटिग्रल साठत जातो, उडी मारली की तापमान पलीकडे. आधी ग्लँड सैल करा, पोझिशनर कॅलिब्रेट करा. ते ऑटोट्यूनचे आकडेही याच व्हॉल्व्हवर काढलेत, सोडून द्या.
मग मॅन्युअलला ५ टक्क्यांची एकच स्टेप द्या. समजा १२ सेकंद काहीच हललं नाही (हा डेड टाइम), पुढच्या ४८ सेकंदांत २.५ अंश, म्हणजे एकूण वाढीच्या साधारण ६३ टक्के चढलं (हा टाइम कॉन्स्टंट) आणि शेवटी ४ अंश वर जाऊन स्थिरावलं. रेंज ०-१०० असेल तर प्रोसेस गेन ४ ÷ ५ = ०.८. लूपने सावरायचा वेळ डेड टाइमच्या दुप्पट, म्हणजे २४ सेकंद धरा; त्यात डेड टाइमचे १२ मिळवले की ३६: कंट्रोलरचा गेन = ४८ ÷ (०.८ × ३६), साधारण १.७. इंटिग्रल ४८ सेकंद, डेरिव्हेटिव्ह शून्य.

प्रतिसाद २: कंट्रोलरमध्ये पी म्हणजे गेन की प्रपोर्शनल बँड, तेही बघा. बँड (१०० ÷ गेन) असेल तर १.७ नव्हे, १०० ÷ १.६७ म्हणजे ६० टक्के भरायचे. स्टेपचा ट्रेंड इथे टाका, आकडे एकदा ताडून बघू.