एसटी खासगी झाली तर? तुमच्या गाडीचा अनुभव सांगा

एसटी तोट्यात आहे, खासगी करून टाका, असं हल्ली सगळीकडे ऐकू येतं. 1 जून 1948 ला पुणे-अहमदनगर पहिली गाडी सुटली, तेव्हापासून गावोगाव या गाडीच्या भरवशावर आहेत. म्हणून नुसती मतं नकोत, अंगावरचे अनुभव लिहा. सुरुवात मी करते.

पाटण : आमच्याकडे मुक्कामी गाडी यायची. ड्रायव्हर-कंडक्टर मारुतीच्या देवळात झोपायचे, आई पिठलं-भाकरी पाठवायची. पहाटे तीच गाडी आम्हा पोरींना हायस्कुलात न्यायची. अहिल्याबाई होळकर योजनेचा पास, म्हणजे फुकट. तिकीट काढणारे दोघं-तिघंच. हिशेबाच्या वहीत ती फेरी तोट्याचीच असणार. त्याच फेरीतल्या दोघी नर्स झाल्या, मी शिक्षिका.

गुहागर : गणपतीला मुंबईहून निघताना ट्रॅव्हल्सवाल्यानं एका सीटचे 1800 मागितले. एसटीच्या दीडपटीहून जास्त भाडं घ्यायचं नाही, असं सरकारनं 2018 मध्येच ठरवून दिलंय. तसं म्हटलं तर म्हणाला, मग एसटीनं जा. गेलो एसटीनंच. उद्या एसटीच नसेल तर दीडपट कशाची मोजायची?

नांदेड : पुण्याला मी खासगी स्लीपरनंच जातो. वडिलांच्या कमरेचं ऑपरेशन झालंय, त्यांना आडवं होऊन जाता येतं. मोठ्या मार्गांवर खासगी गाड्या सोयीच्या आहेत, हे मान्य करायलाच हवं. पण नांदेडहून गावापर्यंतच्या अठरा किलोमीटरला एकही ट्रॅव्हल्स येत नाही. तिथं लाल डबाच.

जत : माझे वडील कंडक्टर. ऑक्टोबर 2021 मध्ये संप सुरू झाला, तो एप्रिल 2022 पर्यंत चालला. वडील एसटीच्या सरकारमधल्या विलीनीकरणासाठी मुंबईत आझाद मैदानात, घरात पगार नाही, आणि बहीण कॉलेजला वडापनं, म्हणजे खासगी जीपनं जायची. जायला-यायला साठ रुपये. जीप भरल्याशिवाय हलायची नाही. उशीर झालेली पोरं मागच्या फळीवर लटकायची. वडिलांची मागणी खरी होती, बहिणीचे हालही खरे होते. दोन्ही आमच्याच घरात.

चाळीसगाव : ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरच्यांना एसटी मोफत झाली. आजी चंचीत पानसुपारीशेजारी आधार कार्ड ठेवते आणि दर गुरुवारी एकटी लेकीकडे जाते. आधी वर्षातून दोनदा जायची, तेही कुणी नेलं तर.

पाटण : जतकर, बहिणीचं शिक्षण पुढं चालू राहिलं का?

जत : फेब्रुवारीत सुटलं होतं, ताई. जूनमध्ये गाड्या नीट धावायला लागल्यावर वडिलांनी स्वतः जाऊन परत नाव घातलं. बी.ए. झाली.