काकवी पाइपमधून किती वेगाने उतरेल? हिशोब आणि पंपाबद्दल सल्ला हवा

फडकरी
मंडळी, करवीर तालुक्यात आमचं गुऱ्हाळ आहे. यंदा ढेपा कमी करून काकवीवर भर दिलाय. काकवी निवली की वरच्या स्टीलच्या टाकीत जाते आणि तिथून एक इंची पाइपने खाली पॅकिंगच्या खोलीत येते. टाकीतली पातळी आणि खालचं तोंड यात साधारण दोन मीटरचा फरक, पाइपची लांबी सहा मीटर. पाच लिटरचा कॅन भरायला सकाळच्या गारठ्यात आठेक मिनिटं लागतात. बायका कॅन लावून चहा पिऊन येतात, तरी तो अर्धाच भरलेला असतो.
ठिबकच्या दुकानदाराने तक्ता बघून अर्ध्या एचपीचा मोनोब्लॉक पंप सुचवलाय. घ्यावा का? की पाइप बदलू? आणि हा वेग आधी कागदावर काढता येतो का? मिनिटाला आठ-दहा लिटर मिळाले तरी भागेल.

नळजोड
पंपाचे पैसे सध्या खिशातच ठेवा. तो तक्ता पाण्याचा आहे. ठिबकवाले वापरतात ते हेझन-विल्यम्सचं सूत्र, त्यात द्रव किती घट्ट आहे याला जागाच नाही. मोनोब्लॉकचा पंखा काकवीत नुसता घुसळत बसेल आणि मोटर तापेल.
तुमच्या कामाचं सूत्र हागेन-प्वाझ्योचं. हागेन जर्मन इंजिनिअर, १८३९ साली त्याने मांडलं. प्वाझ्यो फ्रेंच डॉक्टर, बारीक वाहिन्यांतून रक्त कसं वाहतं या नादात काचेच्या केसासारख्या नळ्या घेऊन तो स्वतंत्रपणे तिथेच पोचला. सूत्र असं:

प्रवाह = ३.१४ × दाबातला फरक × त्रिज्येचा चौथा घात ÷ (८ × व्हिस्कॉसिटी म्हणजे द्रवाचा घट्टपणा × लांबी)

दाब पास्कलमध्ये, त्रिज्या आणि लांबी मीटरमध्ये, व्हिस्कॉसिटी पास्कल-सेकंदात. उत्तर सेकंदाला घनमीटर येतं, त्याला ६०,००० ने गुणलं की मिनिटाला लिटर.
दाब तुमच्याकडे फुकट आहे. काकवीची घनता लिटरला १.३८ किलो धरली तर दोन मीटर उंचीचे १३८० × ९.८१ × २, म्हणजे सुमारे २७,००० पास्कल. अडतंय ते व्हिस्कॉसिटीपाशी. ती मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका.

फडकरी
ती मोजायची कशी? आमच्याकडे थर्मामीटर आणि ब्रिक्स (शंभर भागांत साखर किती) बघायची दुर्बीण एवढंच आहे.

मळीवाला
साखर कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी झाली, म्हणून लिहितो. सायकलच्या दुकानातून पुढच्या चाकाचे छर्रे आणा, ३/१६ इंची. चांगली रुंद काचेची बरणी काकवीने भरा. बाहेरून दोन खुणा करा, मध्ये २० सेंटिमीटर. वरची खूण पृष्ठभागाच्या दोन-तीन बोटं खाली ठेवा, म्हणजे तिथे पोचेपर्यंत छर्र्याचा वेग स्थिरावतो. छर्रा मधोमध सोडा. दोन खुणांमध्ये लागलेले सेकंद गुणिले ०.४, ही झाली व्हिस्कॉसिटी पास्कल-सेकंदात. द्रवात बुडणाऱ्या गोळीचा वेग सांगणाऱ्या स्टोक्सच्या सूत्रात पोलादाची आणि काकवीची घनता घालून हा आकडा येतो. छर्रा दुसऱ्या मापाचा घेतलात तर ०.४ चालणार नाही.
बरणी अरुंद असली तर छर्रा रेंगाळतो आणि काकवी आहे त्याहून घट्ट भासते. शिवाय तापमान लिहून ठेवाच. नुसत्या साखरेचा ७० ब्रिक्सचा पाक २० अंशांवर सुमारे ०.४८ पास्कल-सेकंद असतो, ४० अंशांवर त्याचा पाव भागही उरत नाही.

माळावरची_पोर
काका, काळ्याभोर काकवीत छर्रा दिसणार कसा?

मळीवाला
मागून मोबाईलची बॅटरी धरायची. तरीही नाही दिसला तर सरळ सूत्र उलटं फिरवा: बादली आणि घड्याळ घेऊन प्रवाह मोजायचा आणि त्यातून व्हिस्कॉसिटी काढायची. पण मग पाइप एकसारखा हवा, मध्ये कुठे अडथळा नको.

फडकरी
मोजलं. बॅटरी लावून छर्रा दिसतो, पुसट. २० अंशांना पाच सेकंद, म्हणजे २ पास्कल-सेकंद. पाइपचा आतला व्यास कॅलिपरने २५ मिलिमीटर आला. सूत्रात घातलं तर मिनिटाला १.३ लिटर येतात. प्रत्यक्षात त्याच्या निम्मेच मिळतात. सूत्र कुठे चुकतंय?

नळजोड
कॅलिपर लावलात हे फार बरं केलंत. 'एक इंची' म्हणून मिळणाऱ्या पाइपात आतला व्यास कुठे २३ असतो, कुठे २७. चौथ्या घातामुळे एवढ्याशा फरकात प्रवाह जवळजवळ दुप्पट होतो.
सूत्र बरोबर आहे. त्याची अट एवढीच की प्रवाह शांत, थराथराने सरकणारा हवा. प्रवाह शांत की खळाळता हे सांगणारा रेनॉल्ड्स अंक दोन हजाराच्या आत असला की झालं, तुमचा एकसुद्धा भरत नाही. आता सांगा, कॅनवर काय लावलंय? नुसता पाइप सोडलाय का?

फडकरी
नाही, सांडू नये म्हणून वेल्डरकडून नळी करून घेतली आहे. आतून १० मिलिमीटर, वीतभरापेक्षा जरा कमी, १५ सेंटिमीटर.

नळजोड
मग सापडला चोर! २५ भागिले १० म्हणजे अडीच, त्याचा चौथा घात ३९. म्हणजे त्या नळीचा एक सेंटिमीटर पाइपच्या ३९ सेंटिमीटरइतका अडवतो. १५ सेंटिमीटरचे जवळपास सहा मीटर झाले. तुमचा अख्खा पाइप पुन्हा एकदा जोडल्यासारखं आहे हे, म्हणून प्रवाह निम्मा. पाच लिटरला पावणेआठ मिनिटं येतात, तुमच्या आठेक मिनिटांशी जुळतंय.
पाइप ५० चा आणि नळी २० ची केलीत तर दोन्ही दुप्पट, म्हणजे प्रवाह १६ पट, मिनिटाला दहा लिटर. पंपाशिवाय. हेच काम आहे त्याच पाइपातून पंपाने करायचं तर सव्वाचार बार दाब लागेल.

मळीवाला
कागदावर ठीक, पण दोन इंची पाइप घेऊ नका. काम थांबलं की सहा मीटर पाइपात पावणेबारा लिटर काकवी अडकून राहते. ती रोज गरम पाण्याने धुवायची म्हणजे माल वाया, आणि पातळ झालेली कुठे राहिली तर आंबते. त्यापेक्षा दीड इंची, आतून ३८ चा पाइप आणि १५ मिलिमीटरची नळी घ्या. त्यात पाचपट मिळतात. वर काकवी ४० अंशांना भरा, तिथे आणखी चौपट तरी मिळेल. टाकीला गरम पाण्याचं जॅकेट करून घ्या, चुलाण्याची वाया जाणारी धग आहेच. थेट शेगडी नको, तळाला करपते.
आणि टाकी पॅकिंगच्या भिंतीलगत सरकवून पाइप आखूड करता आला तर तेही बघा.

माळावरची_पोर
आमच्या काकवीत थंडीत कणी पडते. तेव्हाही हेच सूत्र?

मळीवाला
नाही. कणी पडली की ते एकजीव द्रव राहत नाही, हिशोब कोसळतो आणि नळीही तुंबते. आधी गरम करून कणी विरघळवा, मग मोजा.

फडकरी
दीड इंची आणि जॅकेट ठरलं. टाकी हलत नाही, खाली कॉलम आहे. पुढच्या वर्षी माल वाढला आणि पंप घ्यावाच लागला तर कुठला?

नळजोड
गिअर पंप किंवा लोब पंप, ३०४ स्टीलचा, हळू फिरणारा. ओढणीचा पाइप शक्य तितका जाड आणि आखूड ठेवा. रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारी झडप) नसलेला गिअर पंप स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. भरताना कोणी पुढची तोटी बंद केली तर तो थांबत नाही, दाब वाढवत राहतो आणि सांधा फुटतो. विकणाऱ्याला एचपी सांगू नका. २० अंशांना २ पास्कल-सेकंद, म्हणजे त्यांच्या भाषेत २००० सेंटिपॉइज, आणि मिनिटाला दहा लिटर, एवढं लिहून द्या आणि कोटेशनवर तेच आकडे छापून मागा.